बिल्टी लातूरला परत कशी आली?

बार्शी ते लातूर या पट्ट्यातल्या एका गावी, जुन्या वाचनालयाच्या माडीवर स्थानिक इतिहासाचं छोटंसं संग्रहालय आहे. शेर-अदशेराची मापं, निजामाच्या हाली सिक्क्याची नाणी, एका जुन्या आडत दुकानाचा तराजू, भिंतीवर गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांचे फोटो. या फोटोंच्या शेजारी चौकटीत एक पिवळट छापील कागद लावला होता आणि खाली पाटी होती: ‘बार्शी लाइट रेल्वेची पहिली बिल्टी, ब्रिटिशकालीन, सन १८९७’. बिल्टी म्हणजे रेल्वेने पाठवलेल्या मालाची पावती. संग्रहालयाची सूची नव्याने करायची ठरली तेव्हा पाट्या तपासायचं काम माझ्याकडे आलं. त्यातल्या या एका कागदाची ही हकिकत.

पाटीतलं साल बिल्टीवर पहिली नजर टाकली तेव्हाच निकालात निघालं. ‘कुठून’ या रकान्यात कारकुनाने शाईने ‘लातूर’ लिहिलं आहे. बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली ती १८९७ सालीच, पण कुर्डुवाडी ते बार्शी एवढीच, जेमतेम वीस-बावीस मैल. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर चालवून दाखवलेली ही गाडी. डब्याच्या एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही आणि तेवढ्यात जास्तीत जास्त माल न्यायचा, या हिशेबावर त्याने ती उभी केली. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. म्हणजे १८९७ मध्ये लातूरला स्टेशनच नव्हतं, बिल्टी कोण फाडणार?

१८९७ पाटीवर कुठून आलं, तेही उघड आहे. कागदाच्या माथ्यावर कंपनीचं नाव ठळक छापलेलं आहे. कुणीतरी तिची गाडी कधी सुरू झाली ते शोधलं आणि तेच साल कागदाला चिकटवलं. लहान संग्रहालयांत हा प्रकार सर्रास चालतो. गिरणीचं लेटरहेड सापडलं की गिरणीच्या स्थापनेचं साल, सहकारी बँकेचं पासबुक सापडलं की बँकेचं. त्यात ‘पहिली’ हा शब्द घातला की देणगीदारही खूश आणि उद्घाटनाला आलेले पाहुणेही. ‘ब्रिटिशकालीन’बद्दल तर काय बोलावं! काळ ब्रिटिशांचा खरा, पण लातूर होतं निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर मोगलाईत, आणि गाडी रोज या हद्दीवरून ये-जा करायची.

साल १९११ च्या अलीकडचं, एवढं नक्की झालं. पण अलीकडचं म्हणजे किती? तारखेचा कोपरा नेमका फाटलेला होता. वरची मर्यादा दोन बाजूंनी घालता येते. १ जानेवारी १९५४ ला कंपनी सरकारने घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. शिवाय भाड्याचे रकाने रुपये, आणे, पै असे आहेत, आणि १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. मात्र छापील मजकुरावर फार विसंबू नये. रेल्वेचे कोरे फॉर्म गठ्ठ्यांनी पडून असत आणि कंपनीचं नाव बदललं तरी संपेपर्यंत वापरले जात. हाताने लिहिलेला मजकूर त्या दिवसाचा असतो, छापलेला त्याच्या आधी कधीचा तरी.

तरी छापील भागातलाच एक तपशील कामी आला. फॉर्मच्या अगदी खालच्या कडेला, चौकटीच्या लाकडी पट्टीखाली झाकलेली, मुंगीएवढ्या अक्षरांतली एक ओळ होती. त्यात फॉर्मचा नंबर, किती पुस्तकं छापली ती संख्या आणि छपाईचा महिना-साल. साल १९२९. रेल्वे असो की सरकारी कचेरी, त्या काळच्या बहुतेक छापील फॉर्मवर अशी ओळ सापडते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत. कागद १९२९ च्या आधीचा नाही, हे त्या ओळीने पक्कं केलं.

त्यासाठी चौकट उघडावी लागली, आणि ती उघडली म्हणूनच हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं. कागद जाड पुठ्ठ्यावर चारी कोपऱ्यांना सेलोटेपने चिकटवलेला होता. टेपचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरला होता. तो डाग आता निघणार नाही. टेप काढायचं काम संवर्धन शिकलेल्या एका मुलीकडे दिलं. तिने ते सावकाश, कागदाला इजा न करता केलं. हे काम घरगुती उपायांनी, केस वाळवायच्या मशिनची गरम हवा मारून वगैरे, कुणी करू नये. कागद सुटला आणि बिल्टीची पाठ पहिल्यांदा दिसली.

पाठीकडे वळण्याआधी पुढची बाजू नीट वाचू. माल: शेंगदाणे. नग: १०० पोती. वजन: २०० मण. रवाना: वाडीबंदर, म्हणजे मुंबईचं मालाचं स्टेशन. भाडं: ‘टू पे’, म्हणजे माल सोडवणाऱ्याने तिकडे भरायचं. पाठवणार: लातूरचं एक आडत दुकान. घेणार: ‘सेल्फ’, म्हणजे पाठवणारा स्वतःच. शेऱ्याच्या जागी रिस्क नोट, फॉर्म ‘ए’.

या प्रत्येक रकान्यात काही ना काही दडलेलं आहे. वजनाचंच घ्या. रेल्वेचा मण म्हणजे ४० शेर, आजच्या हिशेबात ३७ किलो ३२४ ग्रॅम. २०० मण म्हणजे सुमारे साडेसात टन. शंभर पोती काट्यावर चढवली आणि बेरीज बरोब्बर दोनशे मण आली, शेरभरही इकडेतिकडे नाही, हे कुणालाही पटणार नाही. सूचीच्या कामाला मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले एक गुड्स क्लार्क मदतीला येत. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी तो आकडा पाहिला आणि हसले. म्हणाले, “चार पोती तोलली असतील, बाकीची गुणाकारात गेली.” तेव्हा या आकड्याला कुणी ‘लातूरच्या शेंगदाण्याच्या निर्यातीची नोंद’ म्हणून अभ्यासात वापरणार असेल, तर त्याने हे ध्यानात ठेवावं. ते वजन भाडं आकारण्यापुरतं आहे.

रिस्क नोट ‘ए’ पोत्यांबद्दल सांगते. १८९० च्या रेल्वे कायद्यात, कलम ७२ खाली, रेल्वेची जबाबदारी सांभाळायला घेतलेल्या मालाची योग्य काळजी घेणाऱ्या माणसाएवढीच होती. त्याहूनही कमी करायची असेल तर पाठवणाऱ्याची लेखी सही हवी, आणि तीही सरकारने मंजूर केलेल्या नमुन्यावर. हे नमुने म्हणजे रिस्क नोटा. ‘बी’ नमुना भाड्यात सूट घेऊन जोखीम आपल्या अंगावर घेणाऱ्यांसाठी, आणि ‘ए’ नमुना माल मुळातच वाईट स्थितीत किंवा कच्च्या बांधणीत आला असेल तर. म्हणजे ही पोती जुनी, विरलेली किंवा उसवलेली असणार. मालधक्क्यावरच्या बाबूने ती पाहिली, दाणे गळताना दिसले आणि त्याने सही घेतली. आडत्याने नव्या बारदानाचे पैसे वाचवले आणि वाटेत जे गळेल ते आपल्या नावावर लिहून घेतलं.

आणि गळणार तर होतंच, कारण वाटेत कुर्डुवाडी होती. तिथे अडीच फुटी रूळ संपत आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे साडेपाच फुटी सुरू होत. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढत नाही. प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचं. लातूरहून मुंबईला जाणारा एकूण एक दाणा कुर्डुवाडीच्या हमालांच्या पाठीवरून गेला आहे. बार्शी-लातूरच्या बाजारपेठेचा इतिहास लिहिताना मिल, जिनिंग, आडते सगळे येतात. कुर्डुवाडीचे हे हमाल मात्र कुठल्या कागदावर नावाने येत नाहीत. बिल्टीवर ते अप्रत्यक्षपणे आहेत, ‘मार्का’ या रकान्यात. तिथे त्रिकोण काढून आत दोन अक्षरं लिहिली आहेत. तोच त्रिकोण प्रत्येक पोत्यावर रंगाने काढलेला असे. धक्क्यावर चार आडत्यांची पोती एकत्र पडलेली असताना हमालाने बिल्टी वाचायची नसते, त्रिकोण बघायचा असतो. तो पुसट झाला की पोतं दुसऱ्याच्या ढिगात गेलं आणि पुढे पत्रापत्री सुरू.

आता पाठ. वरच्या अर्ध्या भागात छापील अटी. त्याखाली मोडीत एक ओळ आणि सही: लातूरच्या दुकानाने माल मुंबईच्या आपल्या आडत्याच्या हवाली करावा असं लिहून दिलं आहे. डाव्या कडेला टाचणीची दोन भोकं, गंजाच्या डागासकट. आणि सर्वांत खाली, माल मिळाल्याची सही आणि तारीख लिहायची जागा. ती कोरी.

काकांचं लक्ष तिकडेच गेलं. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “अहो, ही इथं असायलाच नको. बिल्टी जमा केल्याबिगर माल सुटत नाही, आणि ही कुठं जमाच झालेली नाही.”

माझ्या मते या कागदाची सगळी किंमत या एका वाक्यात आहे. रेल्वेची बिल्टी ही नुसती पावती नव्हे. माल ज्याच्या हाती बिल्टी त्याचा, अशी बाजाराची रीत होती. म्हणूनच ‘सेल्फ’ लिहायचं आणि मग पाठीवर सही करून ती पुढे द्यायची. तिच्यावर कर्ज उचललं जाई, ती हुंडीसोबत (पैसे देण्याच्या लेखी आज्ञेसोबत) जाई, वाटेत असलेला माल विकता येई. या रीतीवर न्यायालयाचं शिक्कामोर्तब १९१६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने केलं, आणि तेही मुंबईला रेल्वेने आलेल्या कापसाच्याच खटल्यात. कापूस घेणाऱ्याने बिल्ट्या सावकाराकडे गहाण टाकल्या होत्या आणि पैसे न मिळालेले विकणारे माल वाटेतच अडवू पाहत होते. बिल्टी हा मालाच्या हक्काचाच दस्त आहे असं ठरलं आणि सावकार जिंकला. पुढे १ जुलै १९३० ला मालविक्रीचा कायदा लागू झाला. त्यात मालाच्या हक्कदर्शक कागदांच्या यादीत रेल्वे पावतीचं नाव सरळ घालण्यात आलं.

मग अशा कागदाचं नेहमीचं आयुष्य कसं असतं? लातूरला फाटतो, टपालाने मुंबईला जातो, वाडीबंदरला जमा होतो, माल सुटतो, कागद रेल्वेच्या फाइलमध्ये राहतो आणि मुदत संपली की रद्दीत जातो. ज्या हजारो बिल्ट्यांनी आपलं काम चोख केलं, त्या अशा नाहीशा झाल्या. एखाद्या गावच्या पेटीत मूळ बिल्टी मिळाली की आधी विचारायचं ते हे: हिचं काम कुठे अडलं?

शक्यता तीन. एक, माल पोचलाच नाही आणि भरपाईच्या दाव्यासाठी बिल्टी जपून ठेवली. दोन, हुंडी मुंबईत नाकारली गेली आणि तिच्यासोबत बिल्टीही परत आली. तीन, माल बिल्टीशिवायच सुटला. तिसरी गोष्ट ऐकायला विचित्र वाटते, पण कायद्यात तिची सोय होती. बिल्टी हजर नसेल तर कलम ५७ प्रमाणे रेल्वे माल अडवून ठेवू शके आणि नुकसानीची हमी देणारा बाँड लिहून घेऊन मगच सोडू शके. टपाल उशिरा आलं, बिल्टी गहाळ झाली, की वखारभाडं चढत जाण्यापेक्षा आडते हाच मार्ग धरत.

एकट्या बिल्टीवरून यांतलं एकही ठरवता आलं नसतं. पण ती एकटी आली नव्हती. देणगीदार कुटुंबाने दुकानाचा एक अख्खा गाठोडा दिला होता. चौकटीत शोभेल असा कागद त्यातून काढून घेतल्यावर बाकीचं कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेलं होतं. त्यात लाल कापडी बांधणीच्या रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या, लांबट, वरून उलटायच्या. १९२९ नंतरच्या कीर्दी काढल्या आणि शेंगदाणा, शंभर पोती, तोच मार्का, असं शोधत गेलो. नोंद सापडली. पानाच्या माथ्यावर शके १८५२ आणि निजाम राज्यातलं फसली साल १३४०, महिना बहमन. फसलीत ५९० मिळवले की १९३०. बहमन म्हणजे डिसेंबर, फार तर जानेवारीचे पहिले दिवस. शक आणि फसली एकमेकांशी जुळतात आणि कागदाच्या कडेच्या १९२९ लाही धरून आहेत. शेंगा काढून, फोडून दाणा बाजारात यायचा हंगामही हाच.

कीर्दीतला हिशेब दोन नाण्यांत आहे. बाजारातली खरेदी हालीत, मुंबईचा व्यवहार कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयांत. सात हाली म्हणजे सहा कलदार हा ढोबळ भाव, त्यावर रोजचा बट्टा वेगळा. निजामाच्या हद्दीबाहेर माल जाताना भरलेल्या करोडगिरीची, म्हणजे जकातीची रक्कमही तिथेच आहे. बिल्टीवर तिचा मागमूस नाही. रेल्वेला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

आणखी काही पानं पुढे मुंबईच्या आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आल्याची नोंद आहे. माल विकून आलेली रक्कम जमा, म्हणजे माल पोचला होता आणि विकलाही गेला होता. पहिली शक्यता गेली. त्याच पट्टीपोटी खर्ची टाकलेल्या रकमांत आडत, भाडं, हमाली, वखारभाडं, तारेचा खर्च आणि बाँडचा स्टँप आहे. या शेवटच्या बाबीने उरलेल्या दोन शक्यतांचा निकाल लावला. माल बाँडवर सुटला होता. वखारभाडं भरावं लागलं म्हणजे बिल्टीची वाट पाहण्यात काही दिवस गेले. तार गेली, तीही बहुधा बिल्टी कुठे आहे हे विचारायलाच.

मग बिल्टी लातूरला परत का आली? बाँडवर माल सुटल्यावर उशिरा मिळालेली बिल्टी खरं तर रेल्वेकडे जमा व्हायला हवी होती. मला वाटतं, आडत्याने ती पट्टीबरोबर लातूरला धाडली. बाँडचा आणि वखारभाड्याचा खर्च त्याने विकणाऱ्याच्या नावावर टाकला होता. त्याला आधार म्हणून उशिरा आलेला कागद दाखवणं त्याच्या सोयीचं होतं. दुकानदाराने खर्च मान्य केला, कारण कीर्दीत तक्रारीचा एक शब्द नाही. कागद पट्टीसोबत टाचणीने लावला आणि गाठोड्यात ठेवून दिला. टाचणीची भोकं त्या पट्टीची असतील किंवा आधी जोडलेल्या हुंडीची. पट्टी काही गाठोड्यात मिळाली नाही, त्यामुळे तेवढं मी मोकळं सोडलं.

या टप्प्यावर संग्रहालयाच्या मंडळाच्या बैठकीत एक सूचना आली. १९३० म्हणजे जागतिक मंदी, शेतमालाचे भाव कोसळलेले. तेव्हा ‘मंदीत सापडलेल्या लातूरच्या व्यापाऱ्याची बिल्टी’ असं का लिहू नये? भाव कोसळले होते हे खरंच, शेंगदाण्याचेही आणि कापसाचेही. पण या कागदावर किंवा त्या पानांवर मंदीचं काही नाही. उशिरा आलेलं टपाल तेजीतही उशिरा येतं. मी विरोध केला आणि देणगीदारांचे नातू माझ्या बाजूने बोलले. “आजोबांचं दुकान त्या साली चांगलं चाललं होतं,” असं म्हणून त्यांनी वाद मिटवला. त्यांचा पुरावाही तसा कौटुंबिकच, पण निकाल बरोबर लागला.

‘पहिली’ हा शब्द काढायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. गावातल्या शाळांच्या सहलींना ही बिल्टी ‘पहिली’ म्हणूनच दाखवली गेली होती आणि स्थानिक पत्रकातही तसं छापून आलं होतं. शेवटी अध्यक्षांनीच तोड काढली. पहिली नसली तरी जिचं काम फसलं अशी मूळ बिल्टी आहे ना, मग तेच सांगा, लोक जास्त थांबून बघतील. माणूस व्यापारी घरातला, त्याला हे चटकन कळलं.

नवी पाटी अशी झाली: ‘रेल्वे मालपावती (बिल्टी). बार्शी लाइट रेल्वे, लातूर स्टेशन (तत्कालीन निजाम राज्य) ते वाडीबंदर, मुंबई. शेंगदाणे, १०० पोती. डिसेंबर १९३० च्या सुमारास. ही बिल्टी मुंबईत वेळेवर पोचली नाही, त्यामुळे माल हमीच्या बाँडवर सोडवावा लागला आणि बिल्टी परत आली. साल आणि हकिकत दुकानाच्या रोजकीर्दीवरून.’ शेवटचं वाक्य मी हट्टाने घालून घेतलं. उद्या कुणाला शंका आली तर कुठल्या कपाटाकडे जायचं ते त्याला कळावं.

कागद आता दोन काचांमध्ये उभा ठेवला आहे. मागे पुठ्ठा नाही, त्यामुळे मोडी सही आणि कोरी राहिलेली जागा दोन्ही बाजूंनी फिरून पाहता येतात. खिडकीसमोरची जागा बदलून तो आतल्या भिंतीला नेला, कारण शाई आधीच उडू लागली आहे. शेजारी कीर्दीचं ते पान उघडून ठेवायचा विचार होता, पण बांधणी इतकी खिळखिळी आहे की रोज उघडं ठेवलं तर वर्षभरात पान निखळेल. म्हणून पानाचा फोटो लावला आहे. बाकीच्या कीर्दी अजून सूचीत आलेल्या नाहीत. मोडी वाचणारं गावात आता एकच माणूस उरलंय आणि त्यांना दुपारनंतर डोळ्यांचा त्रास होतो, त्यामुळे ते काम सकाळचंच चालतं.